बाबांसाठी बांधलेली सीट

आमची आक्का गाड्यांच्या सीटा बांधते. कुणी तिच्या शेडसमोर गाडी उभी केली की ही बाई इंजिनाकडे ढुंकूनही बघत नाही. माणूस खाली कसा उतरतो ते बघते. "डावी कंबर ना?" म्हणते, आणि गिऱ्हाईक चाट पडतं.

यंदा मात्र गिऱ्हाईक घरचंच होतं. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं बाबा दहा मिनिटांच्या वर कुठे टेकले नव्हते. जेवायचेसुद्धा उभ्यानं. तिकडे तीन तासांच्या वाटेवर त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका. डॉक्टरांनी त्यांचा प्रवास बंद केलेला. दोघं रोज फोनवर कडाकडा भांडायचे, आणि फोन ठेवला की बाबा कितीतरी वेळ खिडकीशी उभे राहायचे.

"मी बांधते सीट," आक्का एका सकाळी म्हणाली. "रविवारी निघायचं!"

काय ती धांदल! माझ्याच जुन्या गाडीची पुढची सीट तिनं उपटून काढली, पक्कडीनं कव्हर आवळणाऱ्या तारेच्या कड्या तोडल्या, कव्हर सोललं. दुकानातला सगळ्यात मऊ फोम घातला, त्यावर आणखी एक मऊ थर, वर लोण्यासारखं कापड. मी नुसता हात ठेवला तर मनगटापर्यंत आत! शेडमध्येच बाबांना त्यावर बसवलं, तर पाच मिनिटांत घोरायला लागले. आम्ही भावंडं आनंदानं वेडी व्हायचं तेवढं बाकी होतं.

रविवारी निघालो. वीस मिनिटांत बाबांनी दाराची मूठ घट्ट धरली. मग म्हणाले, "गाडी थांबव." चेहरा पांढराफटक. मऊ फोममध्ये ते खोल रुतत गेले होते आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात बसत होता.

"राहू दे गं," परत आल्यावर ते म्हणाले. "फोन आहे की."

आक्कानं सीट पुन्हा गाडीतून काढली. शेडमध्ये नेऊन तिच्यावर दाणकन बसली, उठली, पुन्हा बसली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "बारक्या, मी गाढव आहे! गिऱ्हाईकानं असली सीट मागितली असती तर हाकलून दिलं असतं मी त्याला. आत कडक, वर मऊ, हे मीच जगाला सांगते. आणि बाबा म्हटल्यावर माझी अक्कल कुठे चरायला गेली?"

मला तिचा राग आला नाही. लेकीनं बापासाठी मऊपणाची हद्दच केली होती.

पण आक्का रडत बसणाऱ्यातली नव्हे. सगळं उसवलं. खाली कडक फोम, कंबरेला उशीएवढा उंचवटा, वर फक्त बोटभर मऊ. बाबांच्या शर्टावर खडूनं मणक्याची रेघ ओढली आणि पाठीच्या फोममध्ये तेवढीच खाच कोरली. या खेपेला शेडमध्ये बसवणं नाही. सीट गाडीत घट्ट आवळून शेडमागच्या खडबडीत रस्त्यावर बाबांना घेऊन मला चार फेऱ्या मारायला लावल्या. बाबा कुरकुरले, तरी उतरले नाहीत.

पुढच्या रविवारी पुन्हा निघालो. प्रत्येक गतिरोधकाला माझा श्वास अडकायचा. मागे आक्का, बाबांच्या खांद्यावरून वाकलेली. मागल्या खेपेला परत फिरलो होतो ती जागा गेली. तास झाला.

"बैलगाडी हाकतोयस का?" बाबा कडाडले. "जरा दाब की!"

आक्का मागे अशी ओरडली, की माझं स्टिअरिंगच हललं.

काका फाटकाशीच उभे होते. बाबांनी उतरायच्या आधीच ते काठी टेकत आले, माझं दार उघडून म्हणाले, "हो बाजूला," आणि स्टिअरिंगमागे बसले. आक्काही मागून उतरली, आणि दारं बंद झाली. आत लगेच भांडण सुरू.

घरातून दोनदा चहाचा निरोप आला. काका पाठ दुखते म्हणून केव्हाच उतरले. बाबा काही उतरेनात.

"बाबा, चला ना," मी काच वाजवली.

"बसू दे रे जरा," ते म्हणाले.

आक्का भर उन्हात रस्त्यातच मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.