खुशालरावांचा जहाजातला उपवास

शेजारची माधवी नवऱ्यासंगं जहाजात फिराले चालली. नवीन लगीन झालेली पोरगी. म्हने, काकाजी जाऊन आले हायेत, त्याईलेच इचारू. झालं! आमच्या बुढ्याले तेवढंच पाह्यजे. खुर्ची वट्ट्यावर ओढली, पाय पसरले अन् सुरू. जसं काई जहाज हेच चालवत होते.

"हे पाह्य माधवी, घरचा डबा नेऊ नको, दारातच ठेवून घेतेत. खोलीचं कार्ड गळ्यात बांध, त्याच्याबिगर दार उघडत नाई. लाइफ जॅकेट घालाले बलावतेत तवा बोंबलू नको, जहाज बुडून नाई राहिलं, ते फक्त शिकवतेत. अन् सगळ्यात मोठी गोठ, खायाले इचारलं का पयल्या खेपेलेच हाव म्हन."

"काहून जी काकाजी?"

"म्हनलं ना, हाव म्हन!" अन् बुढ्यानं पान्याचा गिलास तोंडाले लावला.

ते काय सांगतीन! मी सांगते.

आमचे हे खुशालराव म्हंजे अकोल्याच्या जुन्या शहरातले नावाजलेले वाढपी. वावर हाय पातूरच्या रस्त्याले, पन जीव सगळा पंगतीत. कोनाचं लगीन असो का तेरवी, कमरेले दुपट्टा बांधून, हातात जिलबीचं ताट घेऊन हे उभे. आमच्याकडची रीत अशी का पाहुना पयल्या खेपेले नाई म्हनते, ते संस्कारानं. दुसऱ्या खेपेले नाई म्हनते, ते लाजंनं. तिसऱ्या खेपेले दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरते, तवा बोटाईच्या फटीतून जिलबी खाली सोडाची. बुढ्याच्या पंगतीतून उपाशी उठलेला मानूस अकोल्यात सापडनार नाई. अन् हे सोता पाहुने गेले, का तिसऱ्या खेपेबिगर घास नाई घेत. मरतीन, पन नाई घेत.

तं झालं असं, आमची आरती मुंबईले असते. तिनं मोठ्या हौसेनं मायबापाले जहाजाची तिकिटं काढून देल्ली. मुंबईवरून गोवा अन् वापस. म्या भाकरी, ठेचा, तिळाची चटनी, समदं बांधलं. दारातल्या मशीननं डबा पकडला. बाहेरचं खानं अंदर चालत नाई म्हने. ठेचा तथीच राह्यला. बुढ्याचं तोंड असं झालं, जशी दुसऱ्यांदा पोरगी सासरी धाडली.

अंदर गेलो तं बाप्पा बाप्पा! जेवनाची खोली आपल्या मंगल कार्यालयाएवढी. इकडं भाज्या, तिकडं गोड, मधोमध बर्फाचा मोर. ज्यानं त्यानं प्लेट घ्याची अन् सोताच्या हातानं वाढून घ्याचं. बुढा म्हने, "आपल्या हातानं वाढून घ्याले आपन काय हपापलेले हाव का?" अन् खुर्चीत ताठ बसले, पंगतीत बसल्यावानी.

चंदन नावाचा पोट्टा ट्रे घेऊन आला. "सर, गुलाबजामुन?"

"नको जी. पोट भरलं."

"ओके सर." अन् गेला ना तो!

बुढा वाट पाहून राहिला. येईन आता. दुसऱ्यांदा इचारीन. हात आडवे धराची तयारी करून ठेवली. चंदन काई वापस आला नाई. "नाई म्हनल्यावर खरंच चालला गेला?" बुढा म्हने. "याले मायबापानं काई शिकवलं का नाई?"

म्या आवाज देल्ला, "अरे बाबू, मले दे दोन." खाल्ले. मंग पनीर खाल्लं, आइसक्रीम खाल्लं, एक लांबडं पिवळं काईतरी होतं, त्याचं नाव माहीत नाई, तेई खाल्लं.

सांजीले तेच. सकाळी डोसा आला, तवाई तेच. नको जी. ओके सर. नको जी. ओके सर. इतकं खानं चारीकडं अन् आमचा बुढा पान्यावर. देव देते अन् कर्म नेते म्हनतेत ना, तशी गत. म्या ताट भरून समोर ठेवलं, तं म्हने, "बायकोचा आग्रह पंगतीत धरत नाईत. तू तं घरचीच."

असा राग आला मले! म्या म्हनलं, "भीड भिकेची बहीन. राहा उपाशी!"

पन दुपारी डेकवर त्याईले गरगरलं. जहाजवाले म्हने समुद्र लागला, गोळी घ्या. कायचा समुद्र! भूक लागली होती. मले आता खरंच भेव वाटून राहिलं. अन् हे म्हनतेत, "आरतीले फोन लाव. मी गोव्याले उतरतो अन् एसटीनं घरी जातो." आता सांगा, त्या पोरीनं एवढ्या हौसेनं धाडलं, तिले काय सांगू? तुह्या बापाले कोनी दोनदा इचारलं नाई म्हनून तो रुसून उतरला?

कसंबसं धरून जेवनाच्या खोलीत आनून बसवलं. कोपऱ्यात एक बुढा बसला होता. गोल टोपी, पांढरी दाढी. प्लेट रिकामी, अन् प्लेटीवर दोन्ही हात आडवे. आमच्या बुढ्यानं ते हात पाह्यले अन् ताडकन उठले. "आरतीची माय, हा मानूस आपल्याकडचा हाय!"

"कोन्या गावचे जी?"

"धारनीचा. आता अमरावतीले राह्यतो. कुर्बान."

बाजूले त्याईची बायको हाजराबी मजेनं पुलाव खाऊन राहिली होती. ती म्हने, "कल से भुके बैठे हैं. कोई दुबारा पूछताच नहीं, तो खाते नहीं."

मंग काय! बुढ्याच्या अंगात वारंच भरलं. चंदनच्या हातातला ट्रे हिसकला, दुपट्टा नव्हता तं नॅपकिनच कमरेले खोसला. "घ्या ना जी."

"नको भाऊ."

"एक तं घ्या."

"नाई नाई, पेट भर गया."

"माह्या गळ्याची आन हाय तुमाले!" अन् बोटाईच्या फटीतून गुलाबजामुन बरोब्बर खाली. कुर्बानभाईनं डोळे मिटून खाल्ला. मंग त्याईनं ट्रे घेतला अन् आमच्या बुढ्याले बसवलं. नको जी, घ्या जी, नको जी, घ्या जी. समदे लोक मोबाइल काढून शूटिंग करून राहिले. दोघाईनं इतकं हानलं का चंदन ट्रे भराले पळून राहिला अन् 'ओके सर' म्हनाचंच इसरला.

मी हासून हासून बेजार. तवा हाजराबीनं इचारलं, "भाभी, अन् तुमाले कोन आग्रह करते?"

"मले?" म्या म्हनलं. "मी तं सगळ्याईच्या मागून बसते. भाजीच्या गंजाच्या, पातेल्याच्या, बुडाशी जे उरलं ते आपलं. गंज काय आग्रह करते का? म्हनून तं म्या चंदनले पयल्या खेपेले हाव म्हनलं. मले कोनी इचारलं हेच लय झालं."

हासत हासतच म्हनलं, पन बोलता बोलता डोळ्यात पानी आलं. वाईट वाटलं, खोटं काहून सांगू? साऱ्या अकोल्याले हात जोडू जोडू खाऊ घालनारा मानूस, अन् घरच्या बाईले एक डाव 'घे' म्हनला नाई.

बुढ्यानं ते आयकलं. तोंडातला घास तसाच. मंग उठले, ट्रे घेतला अन् माह्यासमोर येऊन वाकले. "घ्या ना जी."

मले 'जी'! त्या भरल्या खोलीत!

माह्या पोटात जागा होती. पन म्या म्हनलं, "नको."

बुढा गडबडला. ट्रे घेऊन मागं वळलाच होता, तं कुर्बानभाई खाकरले. बुढा तथीच थांबला. वापस आला. "अवं, एक तं घे."

"पोट भरलं म्हनलं ना."

"आरतीची माय," बुढा अजून खाली वाकला, "माह्यासाठी घे."

म्या दोन्ही हात प्लेटीवर आडवे धरले. त्याईनं सोडला. जिंदगीभर ज्याचा नेम चुकला नाई, त्याचा गुलाबजामुन माह्या बोटाईवर पडला. पाक सारा बांगड्याईत गेला. मी बोटं चाटून चाटून खाल्ला.

माधवी वट्ट्यावर बसून समदं आयकून राहिली होती. मंग म्हने, "काकू, काकाजी म्हनतेत पयल्या खेपेले हाव म्हनाचं. तुमी काय सांगता?"

म्या म्हनलं, "जहाजवाल्याले हाव म्हन बाई. नवऱ्याले नाई म्हनून पाह्य."