हेडमास्तरांचा बैल-महिना

शिकलेल्या माणसानं मला आयुष्यात एकदाच बुडवलं, आणि तेही अगदी निर्मळ मनानं. आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर म्हणजे अख्ख्या नगर जिल्ह्यातलं असं एकच जनावर, की ज्याला वेसण घालणं ना डिपोटी साहेबांना जमलं, ना गावाला, ना मला. मी तर जन्मभर बैलांचाच व्यापार केला. लोकांची गुरं राखता राखता स्वतःचा गोठा उभा केला, देवळाली प्रवरेपासून पुणतांब्यापर्यंत कोणत्या दावणीला कोणतं खोंड बांधलंय हे मला तोंडपाठ होतं. बाजारात मला समोर तात्या म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पण व्यवहारात मला कोणी हरवलं असं सांगणारा माणूस नव्हता. हे गृहस्थ भिंगारहून बदलून आले आणि ते सुख संपलं.

काटकुळा देह, सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे आणि घंटी नसलेली सायकल. समोर माणूस आला की स्वतःच "ट्रिंग ट्रिंग" म्हणायचे. त्यांचं खूळ असं, की एका महिन्याला सगळ्या शाळेला एकच विषय. वाऱ्याचा महिना म्हटला की पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंत वारा. गणितात वारा, भूगोलात वारा, गाण्याच्या तासाला नुसत्या फुंकरी, आणि चित्रकलेच्या तासाला गावातली सगळी झाडं कागदावर वाकलेली. मी एकदा म्हणालो, "गुर्जी, टाइमटेबल नावाची काय चीज असती का न्हाई?" तर म्हणाले, "तात्या, ओढ्याला ठाऊक असतं का, आपण भूगोलात वाहतोय की गणितात?" आता ओढ्याला पगार मिळत नाही आणि मास्तराला मिळतो, हा फरक त्यांना कोण सांगणार? त्याच महिन्यात वाऱ्याची दिशा दाखवायला ते धुतलेलं धोतर घेऊन शाळेच्या कौलांवर चढले. धोतर हातातून सुटलं, ते थेट माझ्या उसात. खाली पोरं खिदळत होती आणि हे वरून ओरडत होते, "हसू नका, लिहून घ्या! आग्नेय!"

शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला आले ते नेमके मातीच्या महिन्यात. त्यांनी तिसरीला विचारलं, "गोदावरी कुठे उगम पावते?" एक मुलगी ताडकन उठून म्हणाली, "मातीत, साहेब." डिपोटी लालबुंद झाले. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "उत्तर बरोबर आहे साहेब, फक्त जरा जास्त खोल गेलं."

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, पोळा झाल्यावर, त्यांनी बैलाचा महिना काढला आणि ट्रिंग ट्रिंग करत माझ्या गोठ्यावर आले. म्हणाले, "तात्या, शाळेत येऊन मुलांना बैल शिकवा."

"मला काय मिळंल?"

"मान मिळेल."

"मान दावणीला बांधता येत न्हाई, गुर्जी."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं की महिनाभर पोरं माझा गोठा झाडतील. हेडमास्तरांना तरी शेणाचा धडा कुठेतरी घ्यायचाच होता. फुकटात गोठा लख्ख होणार, मी मनातल्या मनात मिशीवर ताव दिला. इतक्या स्वस्तात सौदा मी आजवर केला नव्हता, आणि इतक्या महागातही.

शाळेत मी रंगलो. कधी शाळेची पायरी न चढलेला माणूस टेबलाजवळ उभा, आणि समोर अख्खी शाळा चिडीचूप, म्हटल्यावर रंगणारच. सोबत नेलेल्या बैलाचा जबडा उघडून दाखवला. वरच्या बाजूला पुढं दातच नसतात म्हटल्यावर पोरं आ वासून बसली. आदत म्हणजे अजून दुधाच्याच दातांचं खोंड, दोनदाती, चारदाती, सहादाती कसा ओळखायचा, आठही दात आले की बैल जुळला म्हणतात, आणि मग वय वाढेल तसे दात कसे झिजतात, सगळं सांगितलं. दुसरे व्यापारी कशा हातचलाख्या करतात, तेही भरात बोलून गेलो. हेडमास्तर शेवटच्या बाकावर बसून पोरांपेक्षा जास्त प्रश्न विचारत होते.

पुढच्या आठवडे बाजाराला माझ्याकडे एक जोडी होती. ती खपली की त्या पैशातून खिल्लार खोंडं आणायची होती. दिवाळीपर्यंतचा सगळा धंदा तिच्यावर अडकलेला. पुणतांब्याचा एक शेतकरी खूष होऊन बैलांभोवती फिरत होता. "नुकतेच जुळले असतील, न्हाई का?" तो म्हणाला. मी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. गिऱ्हाईक स्वतःहून काही समजत असेल तर मध्ये बोलू नये, हा व्यापारातला साधा शिष्टाचार आहे. त्यानं हात पुढं केला, मी हात पुढं केला, आणि पाठीमागून "ट्रिंग ट्रिंग" ऐकू आलं.

अख्खी शाळा रांगेनं बाजारात आली होती. प्रत्यक्ष निरीक्षण! पोरांनी मला बघून आनंदानं आरोळी ठोकली आणि जोडीतल्या एका बैलावर तुटून पडली. एकानं शिंग धरलं, दुसरीनं जबडा उघडला.

"गुर्जी, दात झिजल्यात!"

"घाई नको. नीट बघून सांगा," हेडमास्तर म्हणाले.

पोरांनी नीट बघितलं. "लई झिजल्यात, गुर्जी! म्हातारा हाय!"

"शाब्बास!"

शेतकऱ्यानं हात मागं घेतला. "तात्या, ही पोरं काय म्हंत्यात?"

"पोरंच ती. त्यांना काय कळतंय?"

"अवो तात्या, तुमीच तर शिकवलं!" सगळी एका सुरात ओरडली. बाजारातले बैलसुद्धा हसले असावेत.

जोडी परत घरी आली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन हेडमास्तरांना तोंडाला येईल ते बोललो. ते मान हलवत ऐकत राहिले. मध्येच एक शिवी त्यांनी फळ्यावर लिहून घेतली. तिच्यात बैलाचा एक अवयव आला होता, आणि तो अजून त्यांच्या यादीत नव्हता. मग म्हणाले, "तुमचा राग रास्त आहे, तात्या. पण धडा कसा पक्का बसला बघा! परीक्षेला परीक्षक म्हणून याल?"

तेव्हापासून बैल घ्यायला येणारा शेतकरी सोबत एखादं पोरगं आणू लागला. पोरगं जबडा उघडणार, मग बाप तोंड उघडणार. मला तरणी जनावरं धरावी लागली. माझे बैल तरुण झाले आणि नफा म्हातारा झाला. त्याचा हिशेब हेडमास्तरांनी कोणत्याच महिन्यात घेतला नाही.

पुढे त्यांची पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यात बदली झाली. कोणी म्हणतं डिपोटींनी केली, कोणी म्हणतं त्यांनीच मागून घेतली. तिकडे पाण्याचा महिना जास्त चांगला होईल म्हणाले होते म्हणे. नवीन हेडमास्तर शिस्तीचे आहेत. आता घंटा वेळेवर होते, भूगोल भूगोलातच राहतो, आणि व्यापाऱ्याला कोणी त्रास देत नाही. चांगलं चाललंय.

परवा नवा बैल घेऊन शाळेवरून चाललो होतो. सहादाती होता, अगदी खराखुरा, कोणीही बघावा असा. फाटकापाशी मी त्याला उभा केला. आत पाढे चालले होते. खिडकीतून दोन-चार पोरांनी बघितलं आणि पुन्हा माना खाली घातल्या. ऊन कलेपर्यंत मी कासरा धरून थांबलो. जबडा उघडायला कोणी बाहेर आलं नाही.