चौथा आलेला स्वार

झेलिंकाला कोणी "आज थंडी आहे" म्हटलं तरी तो विचारायचा, "कोण म्हणतं?" पार्दुबित्सेच्या रेसकोर्सवर मी तिकीट खिडकीत बसायचे आणि तो घोड्यांनी उडी मारायची झाडांची कुंपणं छाटायचा. अठरा वर्षं आम्ही एकाच किटलीतली कॉफी प्यायलो, पण त्याने मला आपल्या घराचा पत्ता कधी सांगितला नाही. तो दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि त्याच्या दारावरून मी रोज भाजी आणायला जायचे, ही गोष्ट वेगळी.

हात मात्र सोन्याचे होते त्या माणसाचे. टॅक्सिस नावाचं कुंपण दीड मीटर उंच, आणि त्याच्या पाठीशी खंदक. घोड्याला तो उडी मारेपर्यंत दिसतच नाही. ऑक्टोबरातल्या मोठ्या शर्यतीत, वर्षातून एकदाच, त्यावरून घोडे घालतात. सरावालासुद्धा कोणी तिथे जात नाही. उरलेलं वर्षभर ते कुंपण झेलिंकाचं. तो काठी लावून मापायचा आणि एखादी फांदी बोटभर कमी भरली की माझ्या खिडकीशी हजर.

"मिलुशाबाई, कुंपणाला कोणीतरी कात्री लावलीय."

"अहो, गोगलगायींनी खाल्लं असेल."

"नेमकं तिथेच? त्यांना जागा कोणी दाखवली?"

संशयाला औषध नाही.

रविवारी पाहुण्यांना कोर्स दाखवायचं कामही त्याच्याकडेच होतं. दहाच्या गाडीने माणसं यायची, माझ्याकडे तिकीट घ्यायची आणि त्याच्यामागून चिखल तुडवत निघायची. खंदकापर्यंत जाऊन यायला तासभर लागे. पहिली शर्यत अठराशे चौऱ्याहत्तरला झाली, वाटेतल्या नांगरटीत घोड्यांचा दम कसा निघतो, उभं कुठे राहायचं म्हणजे उडी नीट दिसते, हे सगळं तो घडाघडा सांगायचा. पण कोणी खंदक किती खोल आहे असं विचारलं की याचे डोळे बारीक. "तुम्हाला कशाला हवी खोली?"

एक गोष्ट मात्र तो मन लावून सांगायचा, आणि तीही फक्त अडुसष्टच्या वसंतात आणि उन्हाळ्यात, जेव्हा सरकारचा चाप ढिला होऊन आम्हा सगळ्यांचीच जीभ सैल झाली होती. छत्तीस सालची शर्यत. ओताकार दुशेक नावाचा स्वार, व्राना नावाची काळी घोडी. टॅक्सिसला दोघं खंदकात पडले. दुशेकने घोडीला बाहेर काढलं, परत चढला. पुढे आणखी दोनदा पडला, दोनदा चढला. पहिले तिघे कधीच पोचले होते, बक्षिसं वाटून झाली होती, पण लोक घरी जाईनात. अंधारू लागलं तेव्हा दुशेक चौथा आला. बारा वर्षांच्या झेलिंकाने पळत जाऊन व्रानाचा लगाम धरला होता. "माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, हळू चालव रे, दमलीय ती." तो माणूस एकदा पुन्हा भेटावा, एवढीच झेलिंकाची इच्छा होती.

दुशेक सरदाराच्या तबेल्यात नोकरीला होता. कम्युनिस्टांचं नवं सरकार आल्यावर तेवढं पुरलं. त्याला युरेनियमच्या खाणीत सक्तमजुरीला धाडलं, आणि रेसकोर्सच्या भिंतीवरच्या निकालांच्या पाटीवरून त्याचं नाव पुसलं गेलं. अडुसष्टच्या ऑगस्टात रशियन रणगाडे आले, मोकळीक संपली, आणि झेलिंकाच्या तोंडूनही ते नाव पुसलं गेलं. त्याची पोर यित्का प्रागला डॉक्टरीला अर्ज करणार होती. बाप एक शब्द वावगा बोलला की अर्ज केराच्या टोपलीत.

एक्काहत्तरच्या एप्रिलात एक वाकलेला म्हातारा खिडकीशी आला. तपकिरी कोट, हातात वही. पेन्शनरांचं सवलतीचं तिकीट मागितलं, म्हणून मी ओळखपत्र मागितलं. नाव होतं ओताकार दुशेक.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "इथे कोणीतरी छत्तीसची गोष्ट सांगतं, असं कानावर आलं होतं."

"मला नाही माहीत," मी म्हणाले आणि तिकीट सरकवलं.

दुपारी झेलिंका आला. "तो वहीवाला कोण? सारखं लिहीत होता. नाव काय त्याचं?"

आता सांगते, मला तेव्हा काय वाटलं. झेलिंकाचा भाऊ व्हिएन्नाला पळालेला. अशा घरातल्या पोरीचा अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो, आणि यित्काचा मात्र सरळ प्रागपर्यंत गेला होता. फुकट थोडाच जातो? वर हा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव विचारत फिरतो. नाव कळलं की ते गुप्त पोलिसांच्या कुठल्या टेबलावर पोचेल, कोण जाणे.

"मी कशाला नाव विचारू?" मी म्हणाले. "पूर्ण पैसे दिले त्याने."

म्हातारा पाच रविवार आला. प्रत्येक वेळी खंदकाशी वही उघडून उभा राहायचा, आणि प्रत्येक वेळी झेलिंका छत्तीस साल टाळून पुढे जायचा. पाचव्या रविवारी मंडळी परत येऊन माझ्या खिडकीसमोरच थांबली होती. म्हाताऱ्याने विचारलं, "छत्तीसला चौथं कोण आलं होतं?"

झेलिंकाने माझ्याकडे एक नजर टाकली. "तिघंच आले."

"तिघंच?"

"चौथं कोणी नव्हतं. सांगितलं ना."

म्हाताऱ्याने ते लिहून घेतलं, टोपी उचलून नमस्कार केला आणि स्टेशनाकडे गेला. मी खिडकीतून उठू शकले असते. उठले नाही.

सप्टेंबरात झेलिंका आला तो कुंपणाची काठी न घेता. बेकरीजवळच्या फळ्यावर काळ्या चौकटीचा कागद लागला होता, फोटोबिटो काही नाही. "दुशेक गेला," तो म्हणाला. "पार्दुबित्सेतच होता गं, बहिणीकडे. एवढ्या जवळ असून एकदाही इथे फिरकला नाही?"

माझ्याने राहवलं नाही. "आला होता. पाच वेळा. तो वहीवाला."

तो स्टुलावर बसला. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. ओळखपत्रावर नाव होतं."

"मी तुला विचारलं होतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. "मी तुझ्यामुळे गप्प होतो," तो म्हणाला. "खिडकी उघडी असायची तुझी. लोक टेलिफोनसाठी दहा वर्षं थांबतात, तुला दोन महिन्यांत मिळाला."

"आईच्या हृदयासाठी मिळाला तो. डॉक्टरांची चिठ्ठी होती."

"यित्काचा अर्ज जूनमध्येच परत आला. तुला सांगितलं नाही."

मला रडू आवरेना. किती क्षुद्र झालो होतो आम्ही दोघं, आणि कशासाठी? झेलिंका आपल्या तळव्यांकडे बघत होता.

"मी त्याच्या तोंडावर सांगितलं, चौथं कोणी नव्हतं," तो म्हणाला. "तो म्हातारा काय म्हणत घरी गेला असेल गं?"