आमटीवरून पोलिसात

एका बाईला अटक करवायला मी एकदा पोलीस चौकीत गेले होते. तिचा खरा गुन्हा एवढाच, की तिची येसराची आमटी माझ्या आमटीपेक्षा चांगली व्हायची. चौकीत अर्थात मी वेगळं सांगितलं.

भूकंपानंतरची ती वर्षं. किल्लारीकडची माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि इकडे लातुरात क्लासेसचं पीक आलेलं. हदगाव, हिमायतनगरकडची पोरं डॉक्टर व्हायला यायची. आमच्या गल्लीत मी पहिली खानावळ काढली, त्याचा मला कोण ताठा! मग समोरच्या खोलीत ही आली. घर भूकंपात गेलेलं, ट्रकवर असणारा नवरा आजारपणात गेलेला. वयाने माझ्याएवढीच, पण बांधा असा की मी मुद्दाम दुसरीकडे बघायची.

तिनेही चूल मांडली आणि माझी पोरं एकेक करून तिच्या पंगतीला गेली. एक बेणं जाताना म्हणालं, "काकू, तुमच्या आमटीत पाणी लई झालं." तेही सोसलं. पण एका संध्याकाळी आमचे हे तिच्या ओट्यावर वाटी तोंडाला लावून बसलेले! माझ्या हातचं हा माणूस औषध घेतल्यासारखा गिळायचा. त्या रात्री मी भाकरी मुद्दाम करपवली.

पुढे एकदा नळापाशी आम्ही दोघी भाजी चिरत होतो. विळीने तिचं बोट कापलं. मी धरायला गेले, तर तिने हात मागे ओढला.

"नगा वहिनी, रगत लागंल. मालकाचा रोग हाय मला, एड्सचा. दवाखान्यात तपासलंय. कुणाला बोलू नगा."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. गल्लीत खरंच कुणाला बोलले नाही. थेट पोलिसांकडे गेले.

जमादार म्हणाला, "मावशी, जेवणातून होतो का हा रोग?"

"ते मला काय माहीत? रोग पसरवणाऱ्याला कलम असेल की तुमच्याकडे."

"कलम हाय. पण पसरवला कुणाला?"

आता काय सांगू? डोळ्यांपुढे ती वाटी आली. "आमच्या ह्यांना," मी म्हटलं. "बघावं तेव्हा तिच्याकडेच असतात."

जमादाराने टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे तसलं काही?"

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी पदर डोळ्यांना लावला. चाळिशीतली मी म्हणजे काय नमुना होते! नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं.

जमादार वर्दीत तिच्या ओट्यावर गेला आणि गल्लीला ऐकू जाईल असं सगळं विचारून आला. मग आमच्या ह्यांनाही विचारलं. हे मुकाट्याने दवाखान्यात गेले, तपासून आले आणि म्हणाले, "रक्तात काही निघालं नाही. आता तू डोकं तपासून घे." गुन्हा काही नोंदला गेला नाही. पण तोवर पोरांचे आईबाप येऊन तिच्याकडची खानावळ बंद करून गेले होते. त्यातली काही पोरं माझ्याकडे परत आली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

आता नात वकिली शिकते. हा रोग लपवणाऱ्यावर खटला भरावा का, यावरून जेवताना तिचं आणि तिच्या बापाचं जुंपतं. तो म्हणतो, फसवलं तर शिक्षा नको? ती म्हणते, शिक्षेने रोग थांबतो का? मग दोघं माझ्याकडे बघतात. मी ताटात बघते, कारण मला ती समोरची दिसते, रिकाम्या खोलीत गाठोडं बांधणारी. मी दारात उभी होते. माफी मागायला आले असं म्हणाले खरं, पण आले होते ती खरंच जातेय ना हे बघायला. तिने गाठ आवळली आणि म्हणाली,

"भाऊंकडं मी कधी मान वर करून बघितलं न्हाई, वहिनी, पण ते जाऊ द्या. माझी धाकटी भैन हदगावला दिलीय. तिचा मालकबी ट्रकवरच हाय. तपासून घे म्हणून लई मागं लागले, तवा कुठं तयार झाली होती. काल म्हणती, अक्का, तू तपासलंस म्हणून तुझ्या दारात पोलीस आला, मला न्हाई तपासायचं. आता तुम्हीच जा हदगावला आन् तिला काय सांगायचं ते सांगा."