कापडी हरणाच्या आडून

सांगते काय, आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर एकदा पार्सलातून हरीण आलं. कापडी हो! तारेच्या चौकटीवर ताणलेलं, छत्रीसारखं उघडमीट होणारं.

हे जहाजावर इंजिनीअर होते. तेव्हाचा त्यांचा एक अमेरिकन दोस्त आता तिकडे माळरानात राहतो. त्याने ह्यांना प्रॉन्गहॉर्नच्या शिकारीला बोलावलं होतं आणि सरावासाठी हे हरीण पाठवलं होतं. दिसायला आपल्या काळविटासारखं जनावर, पण नजर घारीची. उघड्या माळावर त्याच्याजवळ जायचं तर हे सोंग पुढे धरून, मागे वाकून, हळूहळू सरकायचं. कळपातल्या नराला वाटतं, आला कोणी उपरा माझ्या माद्यांमध्ये. मग तोच चिडून अंगावर येतो. बाण दोस्त मारणार, ह्यांनी नुसतं सोंग धरायचं.

मुक्या जिवाला असं फसवणं मला काही पटलं नाही. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे सोफा सोडत नव्हते, फिजिओवाली सांगून दमली होती. आणि मुलाने बजावलेलं, "बाबा, काठीशिवाय चालून दाखवा, मगच तिकीट काढतो."

म्हणून रोज सकाळी ब्लॉकखालच्या हिरवळीवर सराव. ह्यांच्या हातात कापडी हरीण, आणि समोरच्या टोकाला खरं हरीण कोण? मी!

"अहो, टक्कल दिसतंय! नर पळाला."

"अगं, पळतेस काय? तू चिडायचंयस."

"चिडायला मला सोंग कशाला लागतंय?"

एमआरटीच्या मेट्रो स्टेशनकडे निघालेली माणसं थबकून बघायची. नात म्हणायची, "आजी, यू सो फनी लाह!"

पहिले काही दिवस एका हाताने सोंग, दुसऱ्या हाताने काठी. सोंग डुगडुगायचं, मी लगेच पळून जायची. हे वैतागायचे, पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी चपला घालून तयार.

मग एका सकाळी सोंग अगदी ताठ आलं. डुगडुगणं नाही, टक्कल नाही. मी बघते तर काठी मागे बाकाला टेकलेली! मी श्वास रोखून उभी राहिले. म्हटलं, बोलले तर ह्यांच्या लक्षात येईल आणि पाय अडखळेल.

हे थेट माझ्यापुढे येऊन थांबले. घामाघूम.

"काय गं, आज हरीण गप्प?"

तेवढ्यात नात ओरडली, "आजोबा, युअर स्टिक!"

ह्यांनी वळून बाकाकडे पाहिलं. मग सोंग काखेत मारून म्हणाले, "उद्या जरा लांब उभी राहा."