पाच-नऊ, मास्तर!

आमचे काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे, पण मन त्यांचं हवेत असायचं. म्हणजे अक्षरशः हवेत. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली आलं की हातपाय धुऊन ते हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संदेशाच्या, सेटसमोर बसत आणि दूरदूरच्या दोस्तांशी गप्पा मारत. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मग समोरच्याने सुरू करायचं. ही सवय जेवणाच्या टेबलापर्यंत पोचली होती.

"मीठ दे. ओव्हर."

"ओव्हर म्हणजे आता माझी पाळी ना?" काकू म्हणायची. "मग ऐका!" आणि पुढचं सगळं मीठ काकांना त्या ऐकण्यातच मिळायचं.

गावांच्या मधल्या टेकडीवर या रेडिओवाल्या मंडळींचा रिपीटर होता. रिपीटर म्हणजे घरातल्या एखाद्या आत्याबाईसारखा. त्याच्या कानात हळूच सांगावं, तो चार गावांना मोठ्याने सांगतो. मात्र आवाज फारच अशक्त आला तर तो मध्येच कान मिटतो, पुन्हा उघडतो, आणि वाक्याचे तुकडे पडतात.

तसे तुकडे मास्तरांचे पडू लागले. मास्तर म्हणजे टेकडीपलीकडचे काकांचे जिवलग, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. रोज एक विनोद सांगायचे. आता विनोदाचं डोकं यायचं, शेपूट यायचं, मधलं धड गायब.

"कसा येतोय आवाज?" मास्तर विचारत.

इथे या लोकांची एक खोड सांगायला हवी. आवाज कसा आला हे ते आकड्यांत सांगतात. पाच म्हणजे शब्दन् शब्द कळला, नऊ म्हणजे जोर भरपूर. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. वडीलधाऱ्या माणसाला त्याखाली काही देणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी ताटाकडे बघून नाक मुरडणं. त्यामुळे या रेडिओवाल्यांतले दातांचे डॉक्टर सगळ्यांच्या आधी ओरडायचे, "पाच-नऊ, मास्तर! वा!" काकाही तेच म्हणायचे, आणि सेट बंद केला की आमच्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणाले रे ते?"

काकांनी दोष रिपीटरला दिला. रविवारी टेकडी चढले, वायरीचे सांधे तपासले, कुठे पाणी शिरलंय का पाहिलं. रिपीटर ठणठणीत. "बाकी सगळ्यांचे आवाज स्वच्छ, मग मास्तरांचाच का फाटतो?" जिना चढतानाही ते पुटपुटत होते.

त्याच आठवड्यात मास्तर एकदा बराच वेळ बोलले. आमच्यापर्यंत "मी आता... ठरवलं... सगळ्यांना..." एवढंच आलं.

"वा, मास्तर! पाच-नऊ!" डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आलेच नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. काकांना घास गोड लागेना. शेवटी भर दुपारी दुकान बंद करून, पिशवीत वायर आणि पक्कड टाकून ते टेकडीपलीकडे गेले. तिथली हकीकत त्यांनी नंतर इतक्यांदा सांगितली की आम्हीच तिथे गेलो होतो असं आता वाटतं.

दार वहिनींनी उघडलं. "या भावोजी. आत रुसून बसलेत."

मास्तर पलंगावर होते. "काय हो, माझ्या विनोदांना कुणी हसेना, म्हणून मी सेट कायमचा बंद करतो म्हटलं, तर तो दातवाला 'वा' म्हणतो? आणि तुम्ही गप्प! एवढा कंटाळा आला होता माझा, तर तोंडावर सांगायचं होतं."

"मास्तर, तुम्ही काय बोललात ते आम्हाला कळलंच नाही."

"मग रोज पाच-नऊ कसले देता?"

काकांनी पिशवीतली पक्कड उगाच बाहेर काढून पुन्हा आत ठेवली.

"खरे मार्क किती?" मास्तरांनी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"दोन. तेही वहिनी चहा टाकतायत म्हणून."

मास्तर आधी लाल झाले, मग पलंग हलेपर्यंत हसले. "म्हणजे कंटाळा नव्हता आला तुम्हाला!"

"कंटाळा कसला? महिनाभर तुमच्या विनोदांची धडं शोधतोय मी."

मग उलगडा झाला. गुडघ्यांनी मास्तरांचा जिना बंद केला होता. मोठा सेट गच्चीवरच्या खोलीत धूळ खात पडलेला, आणि मास्तर उशीला टेकून हातातल्या छोट्या सेटवरून बोलत होते. मध्ये दोन भिंती. "गुडघ्यांचं कुणाला सांगायचं नव्हतं," ते म्हणाले. "त्यात तुम्ही पाच-नऊ देत होता. म्हटलं, भिंतीतूनही झकास जातंय!"

काकांनी गच्चीवरच्या अँटेनाची वायर खिडकीतून आत घेतली. पलंगाशेजारच्या स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या सरकवल्या आणि मोठा सेट खाली आणून तिथे मांडला.

संध्याकाळी आम्ही सगळे काकांच्या खुर्चीमागे उभे.

"कसा येतोय?"

"पाच-नऊ," काका म्हणाले.

पलीकडे मास्तर खाकरले. मग, "खरं, की डॉक्टरी?"

"तुमच्या मागे वहिनी म्हणतायत, आधी गोळी घ्या. तेही ऐकू येतंय. ओव्हर."

त्यावर वहिनींचाच खणखणीत आवाज आला. "भावोजी, तुम्हाला टेकडीपलीकडे ऐकू जातं. यांना इथे पलंगावर ऐकू येत नाही!"

"त्यांना सांगा, आमच्याकडेही तीच तक्रार आहे," काकू स्वयंपाकघरातून ओरडली.

आता काका नाहीत, मास्तरही नाहीत. काकांचा सेट माझ्याकडे आहे. कधी लावला तर टेकडीवरून कुणाकुणाचे आवाज येतात, सगळे स्वच्छ, खरेखुरे पाच-नऊ. त्यात मधलं धड हरवलेला एखादा विनोद आला, तर किती बरं वाटेल.