जतनवर बसलेलं रद्द

अहिल्यानगर जिल्ह्यातील समस्त नागरिकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, संगमनेर तालुक्यातील एका दूध संकलन केंद्रावर आज पहाटे 'जतन' हे बटण 'रद्द' या बटणाखाली दबून दिसेनासे झाले. बटण मनमिळाऊ, कष्टाळू व हिरव्या रंगाचे होते. त्याच्या पश्चात 'नवीन', 'छपाई' व 'बाहेर पडा' असा परिवार आहे.

हे निवेदन मी केडगावच्या माझ्या खोलीत, तोंडात टूथब्रश धरून, आरशासमोर सादर केलं. आरशातल्या गृहस्थांना आवडलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. नसतंच. लग्न राहून गेलं आणि धंदा असा निवडला की चार भिंती आणि एक पडदा पुरतो.

बातमी खरी होती. थोड्या वेळापूर्वीच केंद्रावरच्या ताईंचा फोन आला होता. ताई म्हणजे तिथल्या संगणकावर बसणाऱ्या बाई. दूध मोजायचं, फॅट बघायची, पावती द्यायची, हे सगळं त्यांच्याकडे.

"साहेब, समदं रद्द हुतंय!"

"काय रद्द होतंय, ताई?"

"दूध! मानूस दूध घालतोय, मी दाबतीय, आन् हे म्हनतंय रद्द केलं. लाईन पार रस्त्यापत्तुर गेली."

मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, घाई न्हाई! दही लागलं की दह्याची पावती द्या!"

मी म्हटलं, "माऊस सोडा. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या रांगेत एफ पाच आहे, ते दाबा, त्यानंही जतन होतं." पलीकडे प्रिंटर टर्रर्र वाजला आणि लोकांनी जल्लोष केला. मग फोन चेअरमननी घेतला. केंद्र त्यांचं, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"इंजिनेर, मागं सांगितलं हुतं. पुन्हा लाईन थांबली तर मी पुन्याच्या त्या मोबाईल ॲपवाल्याला बोलावनार. आजची संध्याकाळ बघतो, बास."

आता यात माझं काय अडकलं होतं, ते सांगतो. एके काळी माझे प्रोग्रॅम खताच्या दुकानांत होते, पतसंस्थांत होते, नागापूरच्या दोन-तीन वर्कशॉपमध्ये होते. एकेक जण इंटरनेटवर गेला, मोबाईलवर गेला. भांडून कोणी गेलं नाही, म्हणून जास्त लागलं. भांडले असते तर निदान पुन्हा भांडायला फोन केला असता. उरलं हे एक केंद्र. पोटाचं म्हणाल तर मी एकटा, भागतं. पण माझा फोन वाजायचा तो तिथूनच. ते केंद्र गेलं की फोन नुसता घड्याळ म्हणून खिशात ठेवायचा.

"फोनवरून होण्यासारखं नाही हे," मी गंभीर आवाज काढून चेअरमनना म्हणालो. "मला यावंच लागेल."

होण्यासारखं होतं. घरबसल्या एक फाईल पाठवली असती तरी झालं असतं. पण माणसानं सदरा इस्त्री करून ठेवला असेल तर त्यानं काय करावं?

माझ्या सगळ्या प्रोग्रॅमांत एक मूळ फॉर्म असतो. वर निळी पट्टी, खाली बटणांची रांग. बाकीचे सगळे फॉर्म त्याच्यापासून जन्म घेतात आणि त्याचं रूप वारशानं उचलतात. मूळ फॉर्मची पट्टी हिरवी केली की सगळ्यांची हिरवी. एक बटण इकडून तिकडे नेलं की सगळ्या घरांत ते बटण मुकाट्यानं उठून तिकडे जातं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवत सुटलो होतो.

पण एक खोच आहे. जन्मलेल्या फॉर्मवरच्या एखाद्या वस्तूला तुम्ही हातानं नुसतं सरकवलंत, की ती वस्तू फितूर होते. तिची जागा ती स्वतःजवळ लिहून ठेवते आणि त्यानंतर मूळ फॉर्म कुठेही नाचो, ही जागची हलत नाही. बाहेरून काहीच कळत नाही. सगळे फॉर्म शिस्तीत उभे दिसतात, आणि एक दिवस मूळ फॉर्मवर काही बदल केला की फितूर उघडे पडतात.

ताईंच्या दुधाच्या फॉर्मवर असा एक फितूर होता, आणि त्याला फितवणारी त्या टेबलाची रचना. टेबलावर फॅटचं मशीन, वजनाचा डबा, प्रिंटर. माऊस फिरवायला तळहाताएवढी जागा नाही. म्हणून ताईंनी माऊस मशीन आणि भिंतीच्या मध्ये फडकं ठासून पक्का बसवला होता. पडद्यावरचा बाण कायम एकाच जागी. डाव्या हातानं बरणी घ्यायची, उजव्या हाताचं बोट माऊसवर, पडद्याकडे बघायचंच नाही. अडचण एवढीच की बाण 'जतन'च्या बोटभर बाजूला यायचा. तेव्हा मी माऊस हलवण्याऐवजी बटणच बाणाखाली सरकवून दिलं होतं. ताई खूश, मी खूश. बाणाखाली बटण आणणारा जगातला पहिला इंजिनिअर म्हणून मी स्वतःचा छोटासा सत्कारही केला होता.

गेल्या आठवड्यात मी मूळ फॉर्मची रांग बदलली. 'जतन' डाव्या टोकाला नेलं, 'रद्द' चांगलं मोठं, लालभडक करून त्याच्या जागी आणलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी काल रात्री ती केंद्रावर पाठवूनही दिली. बरेच दिवस कोणाचा फोन आला नव्हता आणि हात शिवशिवत होते. सगळ्या फॉर्मांवर बटणं शहाण्यासारखी सरकली. ताईंच्या फॉर्मवर 'जतन' जागचं हललं नाही आणि 'रद्द' येऊन त्याच्या अंगावर बसलं. बरोबर बाणाखाली.

एसटीत शेजारी एक फेटेवाले बाबा बसले होते. चांगला श्रोता दिसला म्हणून मी त्यांना हे सगळं रंगवून सांगितलं, हातवाऱ्यांसकट. मूळ फॉर्म, त्याची लेकरं, न ऐकणारं बटण. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पोरगं लई दिवस झालं का बोलत न्हाई तुमच्याशी?"

"मला मुलगा नाही, बाबा."

राहुरी यायच्या आत त्यांनी डोळे मिटून घेतले. मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलो.

केंद्रावर पोचलो तेव्हा दुपार होती. फरशी धुतलेली, कॅन पालथे घातलेले, कोणी नाही. चेअरमन दारात खुर्चीवर माझ्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. त्यांचं नेहमीचं आसन. एरवी मी आलो की रांगेतली माणसं पावती घेऊनही रेंगाळायची, मी किस्से सांगायचो, ताई हसायच्या, आणि चेअरमन पाठ करून तोच पेपर वाचायचे.

ताईंनी चहा दिला. मी प्रोग्रॅम उघडला आणि रोग्याची नाडी बघावी तसा चेहरा केला. "ताई, इलाज दोन आहेत."

पहिला इलाज सोपा. या एका बटणाला पुन्हा वारशावर आणायचं, माऊसचं फडकं इकडचं तिकडे करायचं, चहा पिऊन निघायचं. बाकीच्या फॉर्मांवर माझ्या हातानं फितवलेल्या आणखी कितीतरी वस्तू होत्या. त्यातलं कोणीतरी कधीतरी पुन्हा दगा देणार. म्हणजे फोन वाजणार. या इलाजाकडे मी जरा प्रेमानं पाहिलं, खोटं कशाला बोलू.

दुसरा इलाज म्हणजे एकेक फॉर्म उघडायचा, एकेक फितूर शोधून घरी आणायचा, आणि दुधाच्या फॉर्मवर माऊसची गरजच संपवायची. आकडा टाका, एंटर दाबा, पावती. मग काही बिघडायला उरतच नाही.

"सोपाच करतो," मीच म्हणालो. "संध्याकाळपर्यंत दुसरा व्हायचा नाही."

ताई कपबशी उचलत होत्या. "सकाळी लोकं मला बोलली, साहेब. एक जन म्हनला, बाईला येत न्हाई तर बसती कशाला. तुमाला कोन बोलनार? तुमी केडगावला."

त्या रागानं बोलल्या नाहीत. मी दुसऱ्या इलाजाला बसलो.

सगळी दुपार गेली. मधे मी नाटकी आवाजात फितुरांची नावं पुकारत होतो. "कर्जाच्या फॉर्मवरची तारीख, हजर हो! पशुखाद्याची चौकट, तूसुद्धा?" ताई आत कॅन पुसत होत्या. पेपर एकदाही हलला नाही, पानही उलटलं नाही.

संध्याकाळी बरण्या आल्या. ताईंनी भिंतीकडचं फडकं ओढून काढलं, माऊस बाजूला सारला आणि आकडा टाकला. एंटर. टर्रर्र. पुढचा. एंटर. टर्रर्र. सकाळी दह्याची पावती मागणारा आला, त्याला आवाजावरून ओळखलं. मी त्याच्यासाठी खास मृत्युलेखाची घोषणा घशात तयार ठेवली होती. "कळविण्यास अत्यंत दुःख होते..." एवढं म्हणेपर्यंत त्याच्या हातात पावती आली होती आणि तो गाडीला किक मारत होता. रांग इतकी सरळ सरकत होती की उभं राहून ऐकायला कोणाला वेळच नव्हता. अंधार पडायच्या आधी अंगण रिकामं झालं. ताईंनी संगणक बंद केला आणि मनगट चोळत म्हणाल्या, "लई हलकं झालं बगा."

मी पिशवी खांद्याला लावली. चेअरमन खुर्चीवरून न वळता म्हणाले, "म्हंजी आता लाईन थांबनार न्हाई?"

"नाही."

"ॲप नको मंग."

"नको."

"आन् हे पुन्हा बिघडलं तर?"

"बिघडायला काही शिल्लकच ठेवलं नाही, चेअरमन. मी असो नसो, चालत राहील. मला यायचं कारणच उरलं नाही." मी रंगमंचावरून वाकावं तसा वाकलो. कोणी हसलं नाही. ताई दाराची कडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटची एसटी चुकायला नको म्हणून मी पायरी उतरलो.

मागे पेपर खाली पडल्याचा आवाज आला आणि चेअरमन खुर्ची फिरवून, कधी नव्हे ते माझ्याकडे तोंड करून ओरडले, "आवो, मंग एखादं बटन वाकडं ठिवून जावा की!"